मेश्राम सिस्टर आणि शॉकअपचा चिमटा

दूधवाल्याने दूध मापलं की मेश्राम सिस्टर आधी त्यात बोट बुडवायच्या, मग ते बोट उन्हात धरून बघायच्या आणि मग त्याच्या तोंडाकडे बघायच्या. "हसून काहून राह्यला?" तो बिचारा हसतही नसायचा. बालाघाटातल्या आमच्या गल्लीत त्यांचं दार आलं की भाजीवाले आवाज बारीक करत. बिरसाकडच्या जंगलातल्या गावांमधून आयुष्यभर नर्सबाई म्हणून फिरलेली बाई. इंजेक्शनची बाटली उजेडात धरल्याशिवाय सुई भरायची नाही, ही त्यांची सवय. निवृत्तीनंतर त्यांनी सगळं जगच उजेडात धरायला घेतलं. "बाटलीवर काय लिहिलं ते पाहू नको, आत काय आहे ते पाह्य," म्हणायच्या.

त्या गावांना सिस्टर गियरच्या सायकलने जात. जाड टायरची लाल सायकल, पुढे शॉकअपवाला चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि दगडधोंड्यांत दबून धक्का सोसणारा. भावाने फार वर्षांपूर्वी नागपुरातून घेऊन दिलेली. स्कूटर त्यांनी कधी घेतली नाही. पेट्रोलमध्ये काय मिसळतात कोण जाणे!

माझी बदली बिरसाकडच्या एका शाळेत झाली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. बस फाट्यावर सोडणार, पुढे मुरमाचा चढउताराचा रस्ता. पायी गेलं की शाळेला उशीर ठरलेला, आणि मुख्याध्यापक घड्याळाकडे असे बघायचे की धरणीने पोटात घ्यावं. सिस्टर आपण होऊन म्हणाल्या, "माह्यी सायकल ने, मास्तरीणबाई. फाट्यावरच्या हॉटेलात ठेवत जा." मी आनंदाने हँडलला हात घातला. त्यांनी हातावर चापट मारली. "चिमटा बदलल्याबिगर नाही!"

चिमटा खरोखरच गेला होता. तेल गळायचं, दांड्यांना गंज, आणि एकदा दबला की वर यायचं नावच घेत नसे. मला वाटलं, त्यात काय, दुकानात जाऊ आणि नवा घालू. तेव्हा मला सिस्टर कुठे पुरत्या माहीत होत्या!

त्यांनी सुपाची एक जुनी बांबूची कामटी घेतली आणि तिच्यावर विळ्याने दोन खाचा पाडल्या. एक चाकाच्या आसापासून चिमट्याच्या खांद्यापर्यंतची, दुसरी फ्रेममध्ये शिरणाऱ्या वरच्या नळीच्या लांबीची. नळीची जाडी सुताने मापून ते सूत कामटीलाच गुंडाळलं. मेन रोडवरच्या दुकानदाराने चकचकीत काळा चिमटा काढून म्हटलं, "लग जाएगा दीदी, टेंशन मत लो."

"कसा लागन?" सिस्टरनी कामटी काढली. नवा चिमटा चांगला चार बोटं लांब निघाला. त्याची नळी खाली जाड, वर बारीक. आमच्या फ्रेमच्या तोंडात ती शिरणारच नव्हती. आणि जुन्या सायकलचे ब्रेक चाकाच्या रिमला धरतात, त्यांना चिमट्यावर खुंट्या लागतात. नव्याला खुंट्याच नव्हत्या, तो चकतीच्या ब्रेकसाठी केलेला. दुकानदार म्हणाला, "ब्रेक पीछे का तो है ना!" सिस्टर त्याच्याकडे अशा बघत राहिल्या की त्याने चिमटा आपणहून खोक्यात घातला.

मग मी फोनवर शोधून नागपुरातल्या एका माणसाकडून जुना चिमटा मागवला. आला तो अगदी हवा तसा. लांबी खाचेला बरोबर, खुंट्या आहेत, सूतही जुळलं. मी टाळी वाजवली. सिस्टरनी चिमटा मांडीवर घेतला. "इतकं बरोबर कसं काय वं?" असं म्हणून डोळे मिटून नळीवरून बोट फिरवत राहिल्या, शीर शोधावी तसं. एका जागी बोट थांबलं. रॉकेलचा बोळा घासला तर रंगाखालून नळीभोवती गोल डाग निघाला. आखूड नळीला वरून तुकडा जोडून वेल्डिंग केलं होतं! उतारावर तिथेच मोडली असती तर हँडल माझ्या हातात आलं असतं आणि सायकल खाली गेली असती. मी चिमटा खाली ठेवून दिला. सिस्टर मात्र खुशीत होत्या. "पाह्यलं? मले आधीच वास आलता."

पण पुढचे तीन चिमटेही त्यांनी नापास केले. एकाचा रंग जास्त ताजा, एकाचा विकणारा फार गोड बोलला, आणि एकाचं तर नुसतं फोटोत "दिसणं बरं नाही." मी रोज फाट्यावरून तंगडतोड करत होते. एक दिवस त्यांच्याकडे गेले तर सायकलचं पुढचं चाक गायब. "पलंगाखाली आहे. तुह्यावर भरोसा नाही, तू घाईत आहे." मला इतका संताप आला! आणि आता संशय मलाही चढला. या बाईला सायकल द्यायचीच नाही, चिमट्याचं नुसतं निमित्त आहे. मी त्यांच्याकडे जाणंच बंद केलं.

आठवडाभराने त्यांनी मला निरोप पाठवून वैनगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर बोलावलं. गोंदियात त्यांना आपल्या सायकलच्याच काळातली एक मोडकी सायकल सापडली होती, तिचा चिमटा बसवून घेतला होता. मी रागातच हात पुढे केला. "थांब," म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतः सायकलवर बसल्या. गुडघे दुखरे, वय साठीच्या पुढचं! मी ओरडले, पण त्या उतारावरून सुटल्यासुद्धा. मुद्दाम दगडांवरून घेतली, मुद्दाम मध्येच पुढचा ब्रेक करकचून दाबला. चिमटा दबला, वर आला, सायकल उभी राहिली. मग लंगडत, सायकल ढकलत वर आल्या, घामाने ओल्याचिंब.

"पडल्या असत्या म्हणजे?" मी त्यांचा दंड धरला.

"मी पडली असती तं मले मलमपट्टी येते. तू पडली असती तं मले झोप नसती आली." आणि हँडल माझ्या हातात दिलं. तिथेच, रस्त्यावर, मी त्यांच्या गळ्यात पडले. "लाज वाटली पायजे, मास्तरीण आहे तू," म्हणाल्या, पण मला बाजूला केलं नाही.

पुढच्या वर्षी भाचा त्यांना तुमसरला घेऊन गेला. कटंगीवरून जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर त्यांनी खिडकीतून ती कामटी माझ्या हातात दिली. "ठेव. पुढच्या चिमट्याले लागन."

"हा चिमटा चांगला आहे, सिस्टर."

"मले भरोसा नाही." बस हलली तरी डोकं बाहेर काढून विचारत होत्या, "आज दाबून पाह्यला का?" मी "हौ" म्हणून ओरडले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की तेही त्यांना पटलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तुमसरहून भाच्याचा फोन आला, सिस्टर गेल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी उताराच्या तोंडाशी उतरले, पुढचा ब्रेक दाबला, हँडलवर सगळा भार टाकला आणि ऐकलं. चिमटा दबला, वर आला, कसलाही आवाज नाही. मी डोळे पुसले आणि पुन्हा एकदा दाबून पाहिला.