कीलच्या धक्क्यावर घेतलेला जबाब

ती घटना माझ्या एकाही केस डायरीत नाही, तरी इतक्या वर्षांनीही ती जशीच्या तशी आठवते. फिर्यादी मी होतो, साक्षीदार माझी बायको होती आणि तपास माझ्या हातून काढून घेतला गेला.

दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. चौतीस वर्षांची नोकरी करून मी निवृत्त झालो होतो. मुलगी आणि जावई जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला नोकरीला. त्यांनी आम्हा दोघांसाठी कील बंदरातून नॉर्वेला जाणाऱ्या जहाजाची आठ दिवसांची सहल ठरवली. हिच्या दृष्टीने ती साधी सहल नव्हती. लग्नानंतर महाबळेश्वरपासून काश्मीरपर्यंत जेवढे बेत आखले, ते सगळे बंदोबस्ताने खाल्ले. कधी निवडणूक, कधी गणपती, कधी मंत्र्यांचा दौरा. भरलेली बॅग परत रिकामी करण्यात हिचा हात बसला होता.

कीलचे टर्मिनल म्हणजे विमानतळ आणि एसटी स्टँड यांच्या मधले काहीतरी. दारातच निळ्या जाकिटातले हमाल मोठ्या बॅगा ताब्यात घेतात. बॅगेवर केबिनच्या नंबरचा कागदी पट्टा असतो, आणि ती संध्याकाळी थेट केबिनच्या दाराशी येते. जावई गाडी लावायला गेले, मुलगी आणि आम्ही दोघे रांगेत उभे राहिलो. काउंटरवर पासपोर्ट मागितले. हिने पर्स उघडली, आतले सगळे उलथेपालथे केले आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पासपोर्टची पिशवी नव्हती. चेक-इन बंद व्हायला पाऊण तास उरला होता.

मी हिला कोपऱ्यातल्या बाकावर बसवले आणि समोर उभा राहिलो. तिथे मी नवरा राहिलो नाही, पुन्हा ठाण्याचा इन्चार्ज झालो.

"शेवटचे कधी पाहिलेस?"

"सकाळी, घरी. पर्समध्येच होते."

"पर्स कोणाच्या हातात दिली होतीस?"

"नाही हो, कोणाच्याच नाही."

"नीट आठव. दारात तो उंच, मिशीवाला हमाल. बॅग उचलताना त्याचा हात तुझ्या पर्सला लागला. लागला ना?"

"लागला असेल..."

"असेल नको. लागला की नाही?"

"लागला," ती खाली बघत म्हणाली.

मला एवढे पुरे होते. संशयिताचे वर्णन तयार होते, साक्षीदार तयार होता.

"बाबा, इथे असं उगाच कोणाचं नाव नाही घेता येत," मुलगी म्हणाली. "तुम्ही स्वतः बघितलंत? गेनाऊ? अगदी नक्की?"

"चौतीस वर्षं हेच केलंय मी. चल, पोलीस कुठे बसतात ते दाखव."

टर्मिनलमध्येच पोलिसांची छोटी खोली होती. तिथली अधिकारी बाई पस्तिशीची असेल. तिने माझे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले, वर्णन लिहून घेतले, पण हमालाला बोलावले नाही. मुलीमार्फत मला तिने बाहेर थांबायला सांगितले. आयुष्यात मी शेकडो लोकांना खोलीबाहेर काढले होते. मला काढले गेले ते त्या दिवशीच. दार अर्धे उघडे होते म्हणून मला सगळे ऐकू येत होते.

बाईने हिला पाणी दिले, स्वतःची वही मिटली आणि सकाळी उठल्यापासून सांगा म्हणाली. मुलगी दोन्हीकडचे समजावून सांगत होती.

"उठले. चहा केला. मग बेसनाचे लाडू डब्यात भरले, यांना बाहेरचं गोड आवडत नाही ना..."

इथे घड्याळ पळत होते आणि ही लाडू वळत बसली होती! माझ्या जिवाची नुसती तगमग. मी असतो तर 'मुद्द्याचं बोल' म्हणून तिला तिथेच अडवले असते. ती बाई मात्र मान डोलावत राहिली. हिचा आवाज हळूहळू मोकळा झाला.

"मग गाडीत बसलो. वाटेत हे सांगत होते, पर्स म्हणजे चोराला आमंत्रण, किमती वस्तू कायम बॅगेच्या तळाशी ठेवावी. पुढे एका ठिकाणी बाथरूमला थांबलो. पर्स तिथे खुंटीला अडकवावी लागणार, मला धसकाच बसला. जावयांना डिकी उघडायला लावली आणि..." ती थबकली. "अगं बाई! लाडवांच्या डब्याखाली!"

फोन गेला. तपासणीसाठी रचलेल्या बॅगांच्या तीन पिंजऱ्यांतून आमची बॅग शोधून, ढकलत घेऊन आला तो नेमका तोच मिशीवाला. त्याचे वर्णन कागदावर चढले होते याचा त्याला पत्ताही नव्हता. हिने त्याला दोन लाडू दिले. एक त्याने उभ्याउभ्या खाल्ला, दुसरा रुमालात बांधून घेतला. मला त्याच्याकडे बघवेना.

प्रवाशांना माझे सांगणे असे. टर्मिनलच्या दारात दिलेली मोठी बॅग संध्याकाळपर्यंत आपली नाही. पासपोर्ट, औषधे, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच ठेवा. जहाज पाचला सुटणार म्हणून साडेचारला पोहोचू नका, काउंटर त्याच्या बराच आधी बंद होतो. आणि घरात पोलीस असेल तर त्याचा सल्ला दोनदा तपासून घ्या.

आम्ही वेळेत चढलो. धक्का मागे पडू लागला तेव्हा कठड्याला धरून ही लहान मुलीसारखी हात हलवत होती. तिला इतके खूश मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते. मुलगी-जावई दिसेनासे झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"अहो, एक विचारू? त्याचा हात लागला नव्हता, मला माहीत होतं. पण तुम्ही असे बघत होतात की नाही म्हणायचा धीरच झाला नाही. ठाण्यात आणलेल्या माणसांशी तुम्ही असंच बोलायचात?"

"नाही," मी म्हणालो. "याहून वाईट."

वारा बोचरा होता, तिने शालीचे अर्धे टोक माझ्या खांद्यावर टाकले. आठ दिवस आम्ही पोटभर हिंडलो, डोळे भरून समुद्र पाहिला. माणसाला आधी सकाळपासून सांगू द्यावे, हे मी त्या बाईकडून शिकलो, पण फार उशिरा.

अजूनही नव्या फौजदारांच्या वर्गावर मला कधीमधी बोलावतात. सर्वांत लक्षात राहिलेला साक्षीदार कोण, असे कोणीतरी हमखास विचारतो. त्यांना खून-दरोड्याची गोष्ट हवी असते. मी सांगतो, माझी बायको. माझ्याशी ती जन्मात खोटे बोलली नव्हती, आणि मी चार प्रश्नांत तिच्याकडून खोटी साक्ष काढून घेतली होती.