चौकातल्या फ्लेक्सनं निवडलेलं कॉलेज

नाशिकहून पुण्याची गाडी सुटली तेव्हा ताई स्टँडवर नव्हती. सातपूरच्या एका कंपनीत पॅकिंगला लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता, सुट्टी मागायची सोय नव्हती. आई खिडकीशी उभी राहून सांगत होती, "नावाचं कॉलेज आहे, कुणापुढं दबून राहू नको."

मागे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघालेल्यांना सरळच सांगते. माझं कॉलेज मी निवडलं नाही, आईपप्पांनीही नाही. चौकातल्या फ्लेक्सनं निवडलं. नाशिकचं सरकारी कॉलेज मिळत होतं, फी झेपणारी होती, डबा घरचा. जवळजवळ ठरलंच होतं. पण पुण्याच्या या महागड्या खासगी कॉलेजच्या यादीत नाव लागलं आणि काकांनी परस्पर माझा फोटो देऊन अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. खाली नगरसेवक व्हायची घाई झालेले चौघे, हात जोडून. फी कोण भरणार, हे एकानंही विचारलं नाही. मी म्हटलं, उतरवा तो, मी इथंच शिकते. पप्पा म्हणाले, "आता कसा उतरवायचा? कंपनीत पेढे वाटून झालेत."

बारावीनंतर घरी थांबलेली ताई त्याच वर्षी फार्मसीला जाणार होती. दोघींचं एकदम झेपणार नव्हतं. तिला थांब असं कुणी म्हटलं नाही, आणि तेच जास्त वाईट. तिनंच जेवताना सांगून टाकलं, "माझं पुढच्या वर्षी बघू. माझा कुठं फ्लेक्स लागलाय?" आम्ही सगळे हसलो. पुढचं वर्ष आलं नि गेलं, कुणी विषय काढला नाही.

आता मी पुण्यात फीवाढीविरुद्ध पत्रकं वाटते. कॉलेजचं नाव सांगितलं की लोक थांबून वाचतात. त्या नावाचा मला संताप येतो, आणि त्याच्याशिवाय माझं कुणी ऐकत नाही. सरकारी कॉलेजातली पोरं हेच बोलतात, तर त्यांना गेटवरून हाकलतात.

कंपनीला सुट्टी असते त्या दिवशी ताई व्हिडिओ कॉल करते. घरचं बोलणं दोन मिनिटांत संपतं. मग म्हणते, "लायब्ररी दाखव ना." मी फोन धरून कपाटांमधून सावकाश चालते. ती पुस्तकांची नावं पुटपुटत वाचते. कंटाळत नाही, काही विचारतही नाही. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढा आवाज. फोन ठेवल्यावरही तो वाचतच राहतो.