दादांच्या होकारासाठी अडलेलं पान

विष्णूदादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांच्यावरच चिडून बसलो होतो. सोनारीचे हे माझे मामेभाऊ. संगणकाचं काम मला त्यांनीच शिकवलं. तुळजापुरात आम्ही दोघं लॉजच्या खोल्या राखून ठेवायचा प्रोग्रॅम चालवायचो. त्याच्या माहितीपुस्तिकेतलं एक पान सकाळपासून त्यांच्या होकारासाठी अडलं होतं, आणि सोलापूरच्या दवाखान्यात दाखल असलेल्या दादांकडून उत्तर येत नव्हतं...

प्रोग्रॅम बदलला की लॉजवाल्यांची पुस्तिका हातानं बदलायचा मला भारी कंटाळा. म्हणून मी एक सोय केली. प्रोग्रॅमच्या कोडशेजारीच त्या बदलाची टीप लिहायची. बदल चढवला की यंत्र ती टीप उचलायचं आणि पुस्तिकेचं पान आपोआप नवं व्हायचं. दादा खूश झाले, पण लगेच पाचर मारली. त्यांनी पाहिल्याशिवाय एकही पान बाहेर जायचं नाही. म्हणाले, "यंत्राला काय कळतंय? तू लिवशील ते छापंल. अन् तू लई उतावळा हायस." होकाराशिवाय पान सुटणार नाही असं कुलूप मीच बसवलं, किल्ली फक्त त्यांच्या लॅपटॉपवर. पान बरोबर असलं की ते नुसतं 'व्हय' लिहायचे; एक वेलांटी चुकली तरी 'न्हाय'. एकदा एका कान्यापायी चार दिवस अडवून धरलं होतं. जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

दवाखान्यातही मी त्यांना सोडलं नाही, हे लिहिताना लाज वाटते. आदल्या दिवशी फोन करून म्हणालो, दादा, तेवढं बघा की, लॉजवाले खोळंबलेत. पाच मिनिटांत 'व्हय' आलं. मी खूश! दुसऱ्या दिवशी उजाडताच लॉजवरून बोंब. एकच खोली दोन कुटुंबांना गेली होती आणि लेकरंबाळं घेऊन माणसं पायरीवर बसली होती. 'नक्की करा' हे दुसरं बटण दाबल्याशिवाय खोली राखली जायची नाही, आणि तेच मी टिपेत लिहायला विसरलो होतो. एवढी मोठी चूक, आणि दादांनी 'व्हय' म्हटलं होतं. ते वाचायच्या पलीकडं गेलेत, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी मात्र दुरुस्ती करून पुन्हा होकार मागत बसलो...

दादा गेले आणि चुकीचं पान तसंच राहिलं. दुरुस्तीलाही त्यांचाच होकार लागणार! रोज एकेका लॉजवाल्याला फोनवर तोंडी समजावत होतो. वहिनींकडं दादांचा लॅपटॉप मागायला तोंड नव्हतं. चौदावा झाल्यावर त्यांनीच तो माझ्यापुढं ठेवला. दादांच्या नावानं 'व्हय' लिहायला माझा हात धजेना. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांच्या नावावर चूक ठिवू नगा."

मी 'व्हय' लिहिलं नाही. दादांचं नाव काढलं आणि कुलूपच मोडून टाकलं. दुरुस्त पान क्षणात बाहेर पडलं.

आता पानं झटक्यात निघतात. हेच तर मी इतके दिवस मागत होतो... पण बदल चढवायच्या आधी मी टीप मोठ्यानं वाचतो, पुन्हा वाचतो, आणि बटणावरचा हात मागं घेतो. काल चार ओळींचं एक साधं पान दिवसभर माझ्यापाशीच अडून राहिलं. बरोबर आहे का, हे विचारायला माणूस नव्हतं.