प्लास्टिकचे पेले

मी वाचायला शिकले ते पत्रिकांवर. पप्पा बियाण्यांच्या कंपनीच्या गोदामात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी खांद्याला झोळी अडकवून बाजारात. टेंभुर्णीचा बाजार, आष्टीचा बाजार, जुन्या जालन्यातल्या कापडाच्या गल्ल्या. झोळीत स्वस्त गुलाबी कागदावर छापलेल्या, येशूचा संदेश सांगणाऱ्या चार पानी पत्रिका. घरी पलंगाखाली त्यांचे गठ्ठे असायचे आणि मी फरशीवर पालथी पडून त्या वाचायचे. पत्रिकेत माणूस एकतर तारलेला असतो, नाहीतर हरवलेला. "बघू", "सध्या नको", "लोक काय म्हणतील" ही वाक्यं पत्रिकेत फक्त नरकाच्या वाटेला लागलेल्या माणसाच्या तोंडी असतात. पुढे आमच्या चर्चच्या कमिटीत मी तीच वाक्यं ऐकली, तेव्हा बोलणारे कुठे निघालेत हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

पत्रिकांइतकीच एक गोष्ट आमच्या घरात पाठ होती, माझ्या पणजोबांची. गावात त्यांना पाणी वरून ओतायचे. ते वाकून ओंजळ धरायचे आणि ओतणारा भांडं लांब धरायचा, ओंजळीला लागू नये म्हणून. बाप्तिस्मा झाल्यावर ते पहिल्यांदा प्रभुभोजनाला, म्हणजे प्रभूचं शरीर आणि रक्त म्हणून सगळे भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला, वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसले आणि सवयीने त्यांनी ओंजळच पुढे केली. चर्चच्या पाळकाने ती हळूच खाली केली आणि प्याला त्यांच्या ओठांना लावला. शेजारचा ज्या कडेवरून प्यायला होता, त्याच कडेवरून. पणजोबा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत म्हणे. तोंडातली चव जाईल म्हणून. पप्पा ही गोष्ट सांगताना दरवेळी ओंजळ करून दाखवायचे.

हे आधी सांगते, कारण पुढे जे घडलं ते ओंजळीने पाणी पिणं काय असतं हे माहीत नसलेल्या माणसांनी केलेलं नाही.

कॉलेज संपलं त्या वर्षी पप्पांनी स्टीलच्या कारखान्यांमागच्या पालांवर पत्रिका वाटल्या. तिथली माणसं भंगार गोळा करून कारखान्यांना घालतात. त्यांची जात मी लिहीत नाही, कारण जालन्यात ती शिवी म्हणून वापरतात. तिथल्या एका बाईने पप्पांना पत्रिका परत दिली. म्हणाली, वाचता येत न्हाई, वाचून दाखवणारं कुणी धाडा. पप्पांनी मला धाडलं. देवाने मला बोलावलं ते असं. पुष्कळांना स्वप्न पडतं, आवाज येतो. मला एका बाईने वाचून दाखवायला बोलावलं, आणि मी पोत्यावर बसून वाचायला लागले, तेव्हा कळलं की आयुष्यभर हेच करायचं आहे. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत जायचं, दीक्षा घ्यायची, पाळक व्हायचं. पप्पांना सांगितलं तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

त्या बाईला मी मावशी म्हणायला लागले. एकदा जुन्या जालन्यात ती मला पोत्यासह भेटली आणि मी तिला चहाला नेलं. टपरीवाल्याने मला काचेच्या ग्लासात चहा दिला आणि तिला वापरून फेकायच्या कपात. मी त्याला विचारलं तर म्हणाला, ताई, ग्लास संपले. त्याच्या हाताशी धुतलेल्या ग्लासांची रांग होती. मावशीने चहा संपवला, कप झटकला आणि पोत्यात टाकला. प्लास्टिक विकलं जातं. मग तिने विचारलं, "तुमच्या देवळात आमाला भांडं कोन्चं?"

मी म्हणाले, "तेच. सगळ्यांना तेच."

तिने मला पुन्हा विचारून घेतलं. मी पणजोबांची गोष्ट सांगितली. ती हसली नाही, रडली नाही. मान हलवली फक्त. पण त्यानंतर ती वचन ऐकायला आली ती शेजारणींना घेऊन, आणि ईस्टरला पालावरच्या काही कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला. चर्चच्या सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. मावशीने नवं लुगडं नेसलं होतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचं पहिलं प्रभुभोजन होतं.

त्या आधीच्या आठवड्यात कमिटीची मीटिंग झाली. सेमिनरीसाठी मला मंडळीची शिफारस हवी होती आणि तो विषय शेवटी होता, म्हणून मी मागे खुर्चीवर बसून होते. पप्पा कमिटीवर आहेत, ते पुढे. सेक्रेटरी अंकलनी चष्मा पुसत विषय काढला की प्रभुभोजनाला आता छोटे पेले आणावेत. वापरून फेकायचे. स्वच्छतेच्या दृष्टीने. कोरोनात आपण आणले होतेच, चांगली सोय होती. हल्ली सर्दीखोकल्याची साथ आहे, मंडळीत म्हातारी माणसं आहेत. सगळं शिस्तीने आणि शोभेल असं व्हावं, हे तर शास्त्रच सांगतं.

पालांचं नाव कुणी काढलं नाही. मला राग येतो तो इथे सगळ्यात जास्त. शिवी दिली असती तर शिवीला उत्तर देता येतं. त्यांनी जंतूंचं नाव घेतलं.

मी उभी राहिले. म्हणाले, कोरोना संपल्यावर आपण मोठा प्याला परत आणला. इतके दिवस सगळे त्यातून प्याले, अंकल, तुम्हीही. मग जंतू नेमके ईस्टरनंतर कसे आले? बायबलमधल्या पेत्राचीही आठवण करून दिली. तो परक्यांबरोबर एका पंगतीत जेवत होता आणि बडी माणसं आल्याबरोबर हळूच बाजूला सरला, तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं.

सेक्रेटरी अंकल हसले. "पौलाला सेमिनरीची शिफारस नको होती, बेटा."

सगळे हसले. पाळकसाहेबही. ते वाईट माणूस नाहीत. त्यांची बदली कमिटीच्या मतावर होते आणि त्यांची मुलं इथल्या शाळेत आहेत. पण हे सांगून मी त्यांना सोडत नाहीये. मेंढपाळाला लांडगा दिसल्यावर त्याची मुलं कुठल्या शाळेत आहेत हे कुणी विचारत नाही.

मग हात वर करायला सांगितलं. एकेक हात वर गेला आणि शेवटी पप्पांचा गेला. अर्धा नाही, पूर्ण वर. ओंजळ करून दाखवायचे तोच हात.

माझ्या शिफारशीचा विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

स्कूटीवर मी मागे बसले होते. मोतीबागेचा उतार लागला. मग पप्पाच म्हणाले, चार-दोन घरं दुसऱ्या चर्चला जायची भाषा करून राह्यली होती, मोठी देणगी देणारी घरं. मी म्हणाले, मग जाऊ द्या. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"मंडळी फुटली तर जोडणार कोन? तू? पेला छोटा असला तर रक्त बदलतं का प्रभूचं? हळूहळू होतंय सगळं. जल्दी करून न्हाई होत. आनि तुझी शिफारस बी बघायला पाह्यजे ना मला."

म्हणजे त्या वर गेलेल्या हातात मीही होते. माझ्या पाचारणासाठी, देवाच्या त्या बोलावण्यासाठी, त्यांनी मावशीचा प्याला दिला होता. मी विचारलं, "पणजोबांना पाळक म्हणाला असता, हळूहळू होईल, सध्या ओंजळच धरा, तर?"

पप्पांनी किक मारली. घरी आल्यावर जेवले आणि झोपले.

रविवारी मी मावशीला काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मला अजून आशा होती, पाळकसाहेब वेदीशी उभे राहिल्यावर त्यांना लाज वाटेल. मोठा प्याला टेबलावरच होता, पांढऱ्या रुमालाखाली झाकलेला. शेजारी ताटात छोटे पेले मांडलेले. पारदर्शक, प्लास्टिकचे, औषध मोजायला असतात तसे. मी मावशीच्या शेजारी कठड्याशी गुडघे टेकले. तिने केस पाणी लावून चापून बसवले होते. भाकर वाटून झाली. मग ताट आलं.

मावशीने पेल्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या रुमालाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पेला घेतला, प्याली, आणि घडी घालावी तसा तो मुठीत दाबला.

माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडलेलेच ठेवले. म्हणाले, "साहेब, मला त्या प्याल्यातून द्या. मावशीला आधी, मग मला."

मी मोठ्याने बोलले नव्हते, पण पेटी वाजवणाऱ्याने पेटी थांबवली. पाळकसाहेब ताट धरून उभे राहिले. त्यांची नजर माझ्यावरून सेक्रेटरी अंकलवर गेली, तिथून पप्पांवर गेली, आणि मग ते माझ्या पुढच्या माणसापाशी सरकले. सरकताना ताट कललं. पेल्यातला रस ताटात सांडला.

उपासना संपल्यावर सेक्रेटरी अंकल दाराशी उभे होते. वापरलेले पेले त्यांनी कॅरीबॅगमध्ये भरून ठेवले होते. ती त्यांनी मावशीपुढे धरली आणि प्रेमाने म्हणाले की घेऊन जा बाई, तुमच्या कामाचे आहेत. मी शपथेवर सांगते, त्या माणसाला आपण चांगुलपणा करतोय असंच वाटत होतं.

मावशीने पिशवी घेतली नाही. मुठीतला आपला पेला तिने त्या पिशवीत टाकला.

"टपरीवरचे नेते मी," ती म्हणाली. "हितले न्हाई नेत."

आणि अनवाणीच फाटकाबाहेर गेली, चप्पल दाराशी विसरून. मी चप्पल घेऊन तिच्यामागे धावले. वाटलं, आता ही कधी येणार नाही, आणि ते माझ्या शब्दामुळे. तिने चप्पल घातली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली की तुझं बोलणं खोटं न्हाई, तुझी मानसं खोटी हायेत, आणि पुढचं कधी असतं हे जेवण ते सांग. मी सांगितलं, पुढच्या महिन्याचा पहिला रविवार.

आता माझ्यावर आरोप आहेत. मी गर्विष्ठ आहे. मी वेदीशी तमाशा केला. मुलीच्या जातीला एवढं तोंड नको. माझी शिफारस अजून पुढे ढकलली जाते आहे आणि सेमिनरीच्या प्रवेशाची मुदत गेली. इतरांपुढे धरला तोच आरसा मी स्वतःपुढेही धरला आहे. गर्व आहे का माझ्यात? असेल. त्याचा हिशेब मी देवाला देईन. पण मोठ्या प्याल्यावरचा रुमाल माझ्या गर्वाने घातलेला नाही. एका भाकरीचे वाटेकरी म्हणून आपण एक शरीर आहोत, हे आमच्या पाळकसाहेबांनी त्याच वेदीशी त्याच दिवशी वाचलं, आणि वाचून ताट उचललं. शास्त्राप्रमाणे जगणं म्हणजे आमच्याकडे दारू न पिणं, सिनेमा न बघणं, रविवारी दुकान बंद ठेवणं. एवढं केलं की माणूस नीतिमान. शेजारच्याच्या ओठाला लागलेल्या कडेवर आपला ओठ ठेवणं त्या यादीत नाही. मला पत्रिका छापता आली तर मी एवढंच छापेन आणि ती बाजारात नाही, चर्चच्या दाराशी वाटेन.

पुढच्या महिन्यात मावशी आली. एकटी नाही, पालावरची सगळी आली. आम्ही एका रांगेत कठड्याशी गुडघे टेकले, भाकर घेतली, आणि ताट आलं तेव्हा मावशीने हात जोडून ठेवले. तिच्या शेजारणीनेही. मीही. मी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. पाळकसाहेब रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि आमच्या बाजूचे पेले भरलेलेच परत नेले. तेव्हापासून दर पहिल्या रविवारी हेच होतं. प्याला रुमालाखाली, आम्ही गुडघ्यांवर. चार-दोन घरं खरंच दुसऱ्या चर्चला गेली, आणि आकाश कोसळलं नाही.

गेल्या रविवारी पप्पा कठड्याशी आलेच नाहीत. सगळे उठले तरी ते बाकावर बसून राहिले, हात मांडीवर ठेवून. मम्मी म्हणाली, बघ, तुझ्यासाठी त्यांनी किती केलं. मला ते पुरेसं वाटत नाही. माझ्यासाठी त्यांनी आधीच फार केलं आहे. कमिटीत त्यांनी हात वर केला होता. तो खाली घ्यायचा तर त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर, उभं राहून घ्यावा लागेल. बाकावर बसून नाही. पुढची मीटिंग गुरुवारी आहे. मी मागच्या खुर्चीवर असेन.