फाइलमामा आणि त्यांचा छापील कागद

फाइलमामांना ताप थर्मामीटरने येत नसे, लॅबच्या कागदाने येई. कपाळ तव्यासारखं तापलेलं असलं तरी हातात रिपोर्ट पडेपर्यंत ते आजारी पडायला राजी नसत. माझे ते सख्खे मामा; पण रिपोर्टांची निळी फाइल काखोटीला मारून लग्नाच्या पंगतीलासुद्धा बसायचे, म्हणून सगळं माधव नगर त्यांना फाइलमामाच म्हणायचं.

ते निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला फ्रीगंज बाजारात काँप्युटरवाली लॅब उघडली. सोफा, एसी, "सर, बैठिए" म्हणणारी मुलगी आणि खडखडत बाहेर येणारा कागद. मामा हरखून गेले. "छापलेलं खोटं नसतं, बेटा," मला सांगायचे. जन्मभर सरकारी कचेरीत कागद छापून घेतलेल्या माणसाने हे म्हणावं, म्हणजे कमाल झाली.

पण याच लॅबने त्यांच्या एकुलत्या एक मुलाच्या, शशीच्या रक्तात एचआयव्ही आहे असं छापून दिलं, तेव्हा मात्र मामा म्हणाले, "मशीन नवीन आहे, चुकतं कधीकधी." तो कागद फाइलच्या तळाशी गेला. घरात त्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. मीही नाही.

वर्षभराने शशी खोकायला लागला. रोज संध्याकाळी ताप, शर्ट अंगावर लोंबायला लागलेले. डॉक्टरांनी टीबीच्या सरकारी केंद्रात बेडका तपासून आणायला सांगितलं. मामांना ते झेपेना. चारचौघांत रांग लावायची, डबीत खाकरायचं? थुंकी हा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून निघत नसे, ते 'ते' म्हणायचे. "ते नको, डॉक्टरसाहेब. रक्तातून होते ना टीबीची जाँच? साफसुथरी." तळचा कागद डॉक्टरांना दाखवलाच नव्हता, त्यामुळे तेही हो म्हणाले.

रक्तात टीबी निघाला नाही. मामांनी रिपोर्ट देवापुढे ठेवला आणि गल्लीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले. शशी म्हणाला, "ताई, माझी जीभ कडू आहे."

तीन महिने असेच गेले. मग एके दुपारी शशीने स्वतःच फाइलच्या तळाचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "आता हा दाखव कुणाला तरी." तो आणि टीबीचा रिपोर्ट घेऊन आम्ही दोघं केंद्रात गेलो. तिथल्या तपासणीवाल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले.

"दीदी, ये खून की जाँच कीड़ा नहीं ढूँढती," त्या म्हणाल्या. "कीड़ा घुसने पर बदन जो शोर मचाता है, वो सुनती है." मग एचआयव्हीच्या कागदावर बोट ठेवलं. "इस बीमारी में शोर मचाने की ताकत ही कहाँ बचती है? खाँसी का बलगम लाइए, डिब्बी में, तीन दिन का. उसमें भी मुश्किल से मिलेगा, पर लाइए."

मी घरी येऊन मामांना जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या सकाळी शशीला उठवेना, तेव्हा डबी घेऊन मामाच रांगेत उभे राहिले, इस्त्रीच्या सदऱ्यात. त्याच डबीत जंतू सापडले.

गोळ्या सुरू झाल्यावर शशीला भूक लागायला लागली. दोनदा पोहे मागून खाल्ले त्याने. पण अंगात काही उरलंच नव्हतं, दिवाळीआधीच तो गेला. तीन महिने आधी गोळ्या मिळाल्या असत्या तर आणखी काही काळ काढला असता, हे मामांना कुणी सांगावं लागलं नाही.

नंतर फाइलमध्ये तेच दोन कागद राहिले. मामा रोज सकाळी फ्रीगंजला जाऊन त्या लॅबसमोरच्या ओट्यावर बसायचे. कुणी हसतमुखाने कागद घेऊन बाहेर आलं की विचारायचे, "टीबीची रक्त-जाँच का? थुंकी तपासली?" लोक वैतागायचे, लॅबवाले तर हात जोडायचे. एकदा ओळखीच्या एक बाई चिडून म्हणाल्या, "भर रस्त्यात थुंकीच्या गोष्टी करता? या वयात शोभतं का काका तुम्हाला?"

मामांनी फाइल उघडून त्यांच्यापुढे धरली.

"नाही शोभत," ते म्हणाले. "शशीच्या वेळीही मला नव्हतं शोभलं."