फिटरमामा आणि अडकणारं गाणं

कुठलंही यंत्र बिघडलं की फिटरमामा स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकत बसायचे. मिक्सर असो, कूलर असो, नाहीतर मी जोडून दिलेला कॉम्प्युटर. "यंत्र सांगतं रे, आपल्यालाच सबूर नसती," म्हणायचे. चितेगावच्या कारखान्यात सगळी नोकरी त्यांनी अशी कान लावून काढली. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक असावं.

दुसरा हट्ट म्हणजे, "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कळतच नाय, कशानं झालं ते." पंख्याचा कंडेन्सर बदलला, की त्या दिवशी पंख्याला तेलसुद्धा घालायचे नाहीत. माझ्यासारख्या उतावळ्याला याचा लई वैताग यायचा.

मामी भीमगीतं गायच्या. जयंतीला त्या उभ्या राहिल्या की माईकवाला आपणहून आवाज कमी करायचा, इतका खणखणीत गळा. त्याच गळ्यात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या एका शिष्येनं गच्चीवर त्यांचं गाणं भारी कॅमेऱ्यानं टिपून घेतलं. ते टीव्हीवर बघता यावं म्हणून मी सुटे भाग जमवून मामांना छोटा कॉम्प्युटर जोडून दिला. रॅमच्या दोन पट्ट्या बसवल्या, गाणं लावलं, कुठं म्हणून थांबलं नाही. मामी लाजून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मग ते दोघं दवाखान्यात गेले. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. नेमकी तेव्हाच माझ्या कॉम्प्युटरची रॅम गेली आणि ऑफिसचं काम अडलं. मी सरळ मामांच्या कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि एक पट्टी काढून नेली. आठ दिवसांत परत लावू, कुणाला कळतंय! आठाचे पंधरा दिवस झाले आणि मामी घरी आल्या, बोलण्यासाठी हातात पाटी घेऊन.

दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन. "अरं, गाणं अडकतंय. दोन शब्द झाले की थांबतं, मग एकदम पळतं."

मला त्याच क्षणी कळलं होतं. एवढा जड व्हिडिओ एका पट्टीवर कसा चालणार? पण तोंडातून निघालं, "केबल बघा, मामा. केबलच असणार."

झालं! मामा पैठण गेटला जाऊन नवी केबल घेऊन आले. मग मी व्हिडिओ प्लेअर बदला म्हणालो, तोही त्यांनी बदलला. डब्यातला पंखा ब्रशनं साफ केला. दर वेळी एकच बदल, दर वेळी अख्खं गाणं लावून बघणं, आणि मग मला फोन: "जयभीम. आज हार्ड डिस्क बदलून बघितली. फरक नाय." नवी पट्टी आणून बसवायला माझं काय जात होतं? पण बसवताना काय सांगायचं, ते सुचत नव्हतं. म्हणून मी त्या म्हाताऱ्या माणसाला फिरवत राहिलो.

एकदा मी समोर असतानाच त्यांनी गाणं लावलं. टीव्हीवरच्या मामी तोंड उघडं ठेवून थांबल्या, आणि खुर्चीतल्या मामींचा हात खुर्चीच्या दांडीवर ताल धरून राहिला. गाणं पुन्हा येईपर्यंत हात चालूच. तरी मी चहा पिऊन परत आलो. बेशरमपणालाही काही हद्द असते!

पाच महिन्यांनी पट्टी खिशात घालून गेलो. "एक सेटिंग करून बघतो," म्हणालो. मामांनीच डबा उघडून पुढ्यात ठेवला. पट्टीच्या रिकाम्या स्लॉटवर चिकटपट्टी लावलेली होती, कडा नीट कापून.

"धूळ जाऊ नये म्हणून," मामा म्हणाले. "पट्टी परत येईल तवा जागा साफ पाहिजे का नाय?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"खोललं की पयलं तेच बघतात, काय कमी हाय. मी दुसरी आणणार व्हतो. हिनं नाय म्हटलं. पाटीवर लिहिलं, जागा भरली तर पोरगं यायचं बंद होईल."

मामी खाली बघत होत्या. माझी मान वर होईना. "विसरलोच होतो, मामा," मी म्हणालो. तेही खोटंच.

"व्हय, व्हतं असं," म्हणत त्यांनी नखानं चिकटपट्टी सोडवली.

गाणं लागलं. जिथं थांबायचं तिथं मामींचा हात सवयीनं उचलला गेला, आणि गाणं न थांबता पुढं गेलं. हात तसाच वर राहिला. मामी रडत होत्या, आवाज न होता.

मामा फाटकापर्यंत सोडायला आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एका टायमाला एकच गोष्ट. आज पट्टी आली. बाकीचं तुझ्या सवडीनं ये सांगायला."

गेल्या वर्षी मामा गेले. त्यांचं घर आमच्याच गल्लीत आहे, पण तोवर मला सवड झाली नव्हती. मामींना तरी सगळं सांगावं, म्हणून परवा मुद्दाम गेलो. त्यांनी गाणं लावलं. मी चहा पिऊन परत आलो.