पक्षाआधी चालू केलेलं सिम

गुणाजी, तुम्हाला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. काळाचौकी ते फणसवाडी हे काही पत्र टाकण्याचं अंतर नव्हे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुम्ही येता, जिन्यातला दिवा गेलाय का बघता, माळ्यावरचं काही हवं असलं तर काढून देता, अर्धा कप चहा घेता आणि जाता. पण तुम्ही समोर बसलात की मला जे बोलायचं ते बोलवत नाही. म्हणून लिहून टाकते.

तुम्ही कोण, हे तुम्हाला सांगायला नको; दुसऱ्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्याला कळावं. गुणाजी परब, दादरच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं अटेंडंट. मी तिथे शिकवत होते. उद्या प्रॅक्टिकल असलं की ब्युरेटच्या नळ्या आज संध्याकाळी धुऊन स्टँडला लागलेल्या असायच्या. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या तुमच्या हातच्या, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. एकदा मी सांगितलेल्या मापानं द्रावण केलंत आणि म्हणालात, "बाई, हे पातळ वाटतंय." मी म्हटलं, "तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" तीस मुलांची उत्तरं चुकली तेव्हा चूक माझ्या मापात निघाली. तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. फक्त त्यानंतर मला कधी काही पातळ वाटतंय म्हणून सांगितलं नाहीत.

हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

तुमचा धाकटा भाऊ कोंडीराम मस्कतला हॉटेलात आचारी. आई गेली तेव्हा तो तेराव्यालाही आला नाही. पासपोर्ट मालकानं अडकवून ठेवलाय असं त्यानं कळवलं होतं; तुम्ही ते खरं मानलं नाहीत. अकरा वर्षं बोलणं बंद. मग श्रावणात गौतमचा फोन आला. हा गौतम परळचा, तिकडे कोंडीरामच्या खोलीत राहणारा. मूत्रपिंडं निकामी झालीत, विमानात घालून आणण्यासारखी स्थिती नाही. "काका एकच विचारतात, गुणा येतोय काय." तुम्ही त्याच आठवड्यात पासपोर्टच्या मागे लागलात. पासपोर्ट, मग व्हिसा, असं करत गणपती आले. तिकीट मिळालं ते पितृपक्षातलं, नवमीचं.

चतुर्थीनंतर दोन दिवसांनी तुम्ही लेकीचा, वैशालीचा, जुना फोन घेऊन माझ्याकडे आलात.

"बाई, वैशाली म्हणते तिकडे नेट लागेल. गौतमची ड्युटी असते, तो काय विमानतळावर येणार नाही. मेसेजवर सांगेल कुठे यायचं ते. ते ई-सिम का काय, तुम्ही बघून द्या."

मी दोन दुपारी त्यात घालवल्या. आपल्याच कंपनीचं रोमिंग पाहिलं आणि दर बघून सोडून दिलं. मग या ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय नुसता कोड स्कॅन करून चालू होणारं सिम, विकणाऱ्यांच्या जाहिराती. प्रत्येकाचं म्हणणं आपलंच नेट सगळ्यात वेगवान. शेवटी दोन उरले. एक आखातभर चालणारं. त्याचे दिवस तिथल्या टॉवरला फोन लागला की मोजायला सुरुवात. दुसरं फक्त ओमानचं, निम्म्या किमतीत, सात दिवसांचं. पण त्याचे दिवस फोनमध्ये घातल्या क्षणापासून. ही ओळ पानाच्या अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात होती. मी ती वाचली होती, गुणाजी. न वाचता घेतलं असतं तर निदान तसं म्हणता आलं असतं. तुम्ही सहा दिवस जाणार, सात पुरे, असा विचार करून मी दुसरं घेतलं आणि क्यूआर कोड कागदावर छापून दिला.

"हा निघायच्या आदल्या संध्याकाळी स्कॅन करायचा. त्याआधी नाही. आणि आपला नेहमीचा नंबर विमानात बसताना बंद. तिकडे चुकूनही चालू करायचा नाही."

"आदल्या संध्याकाळी म्हणजे पक्षात येतं, बाई."

"गुणाजी, फोनला पितर नसतात."

तुम्ही हसलात. कागदाची घडी करून खिशात ठेवलीत. आदल्याच संध्याकाळी का, हे मी सांगितलं नाही. चहा उतू जात होता, आणि मला वाटलं, सांगितलं तेवढं करतील. एकतीस वर्षं करत आला होतात.

तुम्ही ते अनंत चतुर्दशीला केलंत. काळाचौकीच्या तुमच्या मंडळाचा गणपती विसर्जनाला निघण्याआधी फोन त्याच्या पायाशी ठेवलात, हळदकुंकू लावलंत आणि कोड स्कॅन केलात. भाऊ मरणाच्या दारात, आणि त्याच्याकडे जायचं म्हणून घेतलेली नवी गोष्ट पितरांच्या पंधरवड्यात सुरू करायची, हे तुमच्या मनाला पटेना. पूर्वतयारीही झाली, मुहूर्तही साधला. सात दिवस त्याच सकाळी सुरू झाले आणि तुम्ही विमानात बसायच्या आधीच संपले.

मस्कतला उतरलात तर फोनमध्ये काही नाही. विमानतळावरचं फुकट वायफाय आधी नंबर मागतं आणि त्या नंबरावर आकडे पाठवतं. तो नंबर मी बंद करायला लावलेला, आणि ही माझी आज्ञा तुम्ही मोडली नाहीत. हॉस्पिटलचा पत्ता तुमच्या अक्षरात कागदावर होता. टॅक्सीनं तिथे पोचलात तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. कोंडीरामला पहाटेच दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं होतं, आणि गौतमनं तो पत्ता तुम्हाला मेसेजवर पाठवला होता. खिडकीतल्या माणसाला तुम्ही नाव दाखवलंत. तो म्हणाला, "बैठो." तुम्ही बसलात. टेबलामागच्या माणसानं बस म्हटलं की बसायचं, यात तुमची सगळी नोकरी गेली. चार तास बसलात. दुसरं कुणी दोनदा तरी उठून भांडलं असतं; मी तर पहिल्या दहा मिनिटांत.

शेवटी एका केरळी नर्सनं विचारलं, तुम्ही कुणाचे. तिनं फोन करून शोधलं, टॅक्सीत बसवून दिलं. तुम्ही पोचलात साडेचारला. कोंडीराम तीनला गेला होता. "अंग गरम होतं अजून," एवढंच तुम्ही मला सांगितलंत.

त्याचं सगळं तिथंच उरकून तुम्ही आलात. शनिवार नसताना फणसवाडीत आलात, फोन टेबलावर ठेवलात.

"बाई, यात काय बिघडलं तेवढं बघता?"

मी पाहिलं. सिम सुरू झाल्याची तारीख होती. मी तारीख वाचली आणि तुम्ही मान खाली घातलीत, मग गणपतीपुढचं सगळं सांगितलंत.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही हसला असतात."

मी ती तारीख परत एकदा वाचली.

"माझंच चुकलं," तुम्ही म्हणालात. "शिकल्यासवरल्या माणसानं सांगितलेलं ऐकायचं सोडून."

आणि मी गप्प बसले. आता जे लिहायला बसले ते हे. खरेदी माझ्या ईमेलवरून केली होती. त्या कंपनीची दोन पत्रं मला आली होती. एक, सिम सुरू झालं. दुसरं, दोन दिवस उरले, वाढवायचं असल्यास इथे दाबा. मी रोज सकाळी जाहिराती पुसते तशी दोन्ही न उघडता पुसली; त्यांत काय होतं ते तुम्ही परत आल्यावर पुसलेल्यांतून शोधून वाचलं. नुसती नजर टाकली असती तरी तुमच्या हातात चार-पाच दिवस होते, दुसरं सिम घेता आलं असतं. तुम्ही हसण्याच्या भीतीनं बोलला नाहीत. मला तर कुणी हसणार नव्हतं. तरी मी तुम्हाला "माझंच चुकलं" म्हणू दिलं, आणि अजून म्हणू देते आहे.

त्याच दिवशी तुमचा फोन माझ्या वायफायला जोडला तर अडलेले मेसेज धडाधड येऊन पडले. तिकडे असताना तुम्ही तो परत उघडलाच नव्हता. गौतमचे पाच, नव्या हॉस्पिटलचा पत्ता, "काका कुठे आहात". आणि शेवटी त्याच्याच फोनवरून दुपारी एकला पाठवलेला आवाजाचा मेसेज. अठरा सेकंदांचा.

"कोंडूचा असणार," तुम्ही म्हणालात. हात पुढे केलात आणि मागे घेतलात. "बाई, तुम्ही ऐका आधी. शिव्या असल्या तर मला सांगू नका. दुसरं काय असलं तर सांगा."

फोन ठेवून गेलात. नंबर साध्या बटणांच्या फोनमध्ये घातलात.

पाच महिने झाले. दर रविवारी मी तो फोन खणातून काढून चार्ज करते, बॅटरी मरू नये म्हणून, आणि परत ठेवते. शिव्या असतील तर तुम्हाला काय सांगायचं हे ठरलेलं आहे. शिव्या नसतील तर काय करायचं ते मला कळत नाही.

गेल्या शनिवारी जिन्यातला दिवा बदलून आलात, स्टूल जागच्या जागी ठेवलंत. खणाकडे न बघता विचारलंत, "ऐकलंत काय, बाई?"

"सवड झाली नाही."

मला सवडीशिवाय दुसरं काही नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

"घाई नाही," तुम्ही म्हणालात आणि कप विसळायला उठलात.